जेवणघरातल्या विलायती टायली

टाइल पडली ती भूपालआण्णांच्या ताटापासून हातभर अंतरावर. खळ्‌कन आवाज झाला, आमटीत चुन्याचा भुगा पडला आणि आण्णांचा भाकरीचा घास तोंडापाशीच थांबला.

"बघा!" ते माझ्यावरच ओरडले, जणू मीच पाडली. "बघा म्याडम, आता तरी पटलं का? सुखानं जेवायची चोरी झालीया ह्या घरात!"

मी नुकतीच आत आले होते. चपला काढून अजून नीट उभीही राहिले नव्हते.

मी सिव्हिल इंजिनिअर. पण इमारती बांधणारी नव्हे, आजारी पडलेल्या इमारती बघणारी. ओल, गळती, तडे हा माझा धंदा. कार्डावर रिपेअर कन्सल्टंट असं छापलंय, पण कोल्हापुरात मला सगळे 'गळतीवाल्या म्याडम' म्हणतात. आधी राग यायचा. मग त्याच नावानं कामं यायला लागली, तेव्हा राग गेला.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. भूपालआण्णांचं शाहूपुरीत मोटारपंपांचं आणि पाइपांचं दुकान. निम्म्या तालुक्याच्या विहिरींवर यांच्या मोटारी. आणि यांच्याच जेवणघराच्या भिंतीला ओल! बाजारात लोक चेष्टा करायचे, "आण्णा, तुमच्या घरात भिंतीतनंच पाणी येतंय म्हणं, मोटार लागतच न्हाई." आण्णा वरून हसायचे. आतून जळायचे.

मी वाकून टाइल उचलली. फुटली नव्हती. सहा इंच बाय सहा इंच, गर्द हिरवी, मधोमध उठावाचं कमळ. असा हिरवा हल्लीच्या टाइलला येत नाही. खोलगट भागात रंग दाट, उंचवट्यावर पातळ, त्यामुळं पाकळी पाकळी वेगळी दिसते. आण्णांच्या जेवणघराला चारी भिंतींना कंबरेच्या वरपर्यंत अशाच टायली होत्या. वरच्या कडेला तपकिरी पट्टी, मधेच एखादी निळी. कंबरेपर्यंतच्या अशा टायलींना आमच्यात डॅडो म्हणतात. मी हजार डॅडो बघितलेत, पण असा नाही. मी आले होते ओल बघायला आणि बसले फुलं बघत.

टाइल उलटी केली. पाठीवर चौकटींची जाळी, चुना धरून राहावा म्हणून. मधे उठावाच्या अक्षरांत 'इंग्लंड'.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांना या टायलींचं वेड लागलं होतं. कोरडी माती साच्यात दाबायची, भाजायची, वर काचेसारखा रंगीत लेप देऊन पुन्हा भाजायची. यंत्रानं भराभर होतात म्हणून स्वस्त, आणि पुसल्या की स्वच्छ. मग त्यांनी त्या सगळीकडं लावल्या. दारातल्या बोळात, तोंड धुवायच्या टेबलामागं आणि सगळ्यांत जास्त शेकोटीच्या दोन्ही अंगांना. विस्तवाची काजळी पुसायला सोपी. तिथून जहाजानं मुंबई, मुंबईहून आपल्याकडं. आपल्याकडं शेकोटी कुठली? मग आपल्या लोकांनी त्या जिन्याला लावल्या, ओट्याला लावल्या, जेवणघरात लावल्या. पुढं जपाननं तशाच स्वस्तात काढल्या. वरून फरक कळत नाही, पाठ बघावी लागते.

आधी पडलेल्या टायली सुनंदावहिनींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, कोनाड्यात रचून ठेवल्या होत्या. मी त्या सगळ्या उलट्या केल्या. त्यांत दोन जपानी निघाल्या.

"आरं तिच्या!" आण्णा म्हणाले. "आज्जानं समद्या विलायतेस्नं आणल्यात म्हणून गावभर सांगतोय आम्ही!"

"सांगा की. गाव कुठं पाठ बघायला येतंय?"

टाइलच्या पाठीवर पांढरी भुकटी होती. मी बोट लावून जिभेला लावलं. सुनंदावहिनी "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागं सरकल्या. भुकटी खारट होती. याला लोणा म्हणतात. भिंतीत पाणी असलं की विटा-चुन्यातले क्षार विरघळतात, पाण्याबरोबर पृष्ठभागाकडं येतात आणि तिथं वाळून त्यांचे खडे होतात. हे खडे टाइलला मागून ढकलतात. म्हणजे टाइलचा काही दोष नाही, गवंड्याचाही नाही. भिंतीच्या पोटात पाणी होतं. ते कुठून येत होतं, एवढंच शोधायचं होतं.

"शोधाबिधायचं काय न्हाई," आण्णा हात धुऊन आले. "पोर्चमधी बघितलासा न्हवं? क्रीम कलरच्या नव्या टायली येऊन पडल्यात. सोमवारी गवंडी येणार. ह्या समद्या खरवडून काढायच्या आणि नव्या लावायच्या."

"मग मला कशाला बोलावलं?"

आण्णांनी आतल्या दाराकडं बघितलं. दारात एक बारकुडी, ताठ म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही. त्या आण्णांच्या आत्या, आक्का. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून इथंच. हे घर त्यांच्या वडलांनी बांधलेलं. आण्णांची आई लवकर गेली, आण्णांना वाढवलं ते आक्कांनी.

"मी बोलीवलंय," आक्का म्हणाल्या. "आधी रोग काय हाय ते बघा म्हणलं. न बघता कातडं सोलायचं, ही कुठली रीत?" मग आण्णांकडं वळल्या. "माझ्या बापानं हुभं ऱ्हाऊन लावल्यात त्या. सोमवारी एका जरी टायलीला छिन्नी लागली, तर मी बाहुबलीला जाऊन ऱ्हाते. ह्या घरात परत पाण्याचा थेंब घेणार न्हाई."

बाहुबली म्हणजे हातकणंगल्याच्या अंगाला असलेलं जैनांचं तीर्थ. तिथं आश्रम आहे. आक्का गंमत करत नव्हत्या.

आण्णा मला पोर्चमध्ये घेऊन गेले. रांगडा माणूस, पण आवाज बारीक झालेला. "म्याडम, ती बोलली की करतीया. तिच्याबिगर हे घर मला खायला उठंल. पण आज टाइल पडली ती भिंतीला पाठ करून बसलेल्या माझ्या पोरीच्या डोक्यात पडली असती तर? मी काय करू?"

"सोमवारपर्यंत मला द्या," मी म्हणाले. सांगितलं खरं, पण काम सोपं नव्हतं. ओल ही बेरकी गोष्ट आहे. ती दिसते एकीकडं आणि असते भलतीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. पहिला संशय पावसाचा. पण छपराची कौलं धड होती आणि वरच्या मजल्याची भिंत ठणठणीत कोरडी. दुसरा संशय न्हाणीघराचा, तर ते घराच्या दुसऱ्या टोकाला. तिसरा संशय नळाच्या पाइपांचा. "ह्या भिंतीत एकबी पाइप न्हाई," आण्णा छातीवर हात मारून म्हणाले. "घरातला प्रत्येक पाइप मी सोता घातलाय." तेही खरं वाटलं.

परसात गेले. तिथं विहीर होती, जेवणघराच्या भिंतीला अगदी लागून, पण दिसत नव्हती. आण्णांनी गाडी घेतली तेव्हा विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकून गाडी लावायला जागा केली होती. त्याच वेळी भिंतीलाही बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑइलपेंट. मी कपाळाला हात लावला. चुन्यातली जुनी भिंत श्वास घेते. आत ओल शिरली तरी हळूहळू बाहेर पडते. इथं आतून काचेसारख्या लेपाच्या टायली, बाहेरून ऑइलपेंट. भिंत दोन्ही अंगांनी रेनकोट घालून उभी! आत शिरलेलं पाणी जाणार कुठं? पण मुळात ते शिरत कुठून होतं?

जेवणघराला लागूनच एक लहान खोली होती, त्याच लांब भिंतीवर. दार पुढं केलेलं. मी कडीला हात घातला.

"तिथं न्हाई जायचं," मागून आक्का. "ती पाण्याची खोली हाय." मग जरा थांबून, "आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध. कोल्हापुरात आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

"त्या खोलीत मी कुणालाच सोडत न्हाई," आक्का म्हणाल्या.

माझं डोकं सणकन तापलं. हे 'कुणालाच' मी लहानपणापासून ऐकलंय. मी त्यांना म्हणाले, "आक्का, डॉक्टरला पोट दाखवायचं न्हाई आणि पोटात का दुखतंय ते सांग म्हणायचं, असं कसं चालंल?" त्या दारापुढनं हलल्या नाहीत. मी पर्स उचलून निघालेच होते. सुनंदावहिनींनी मला जिन्याखाली गाठलं आणि कानाशी लागल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. लग्न होऊन आले त्याला जमाना झाला, मीसुद्धा अजून त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही. पंप बसवला तो दिवस सोडला तर हे पण नाहीत. त्या पाण्याला सोवळं फार."

म्हणजे 'कुणालाच' खरंच कुणालाच होतं. माझा राग निम्मा उतरला. निम्मा तसाच ठेवला, कामाला बरा असतो.

दारातून मात्र आक्कांनी बघू दिलं. आत एक हातपंप होता. विहीर झाकल्यावर आण्णांनी आक्कांसाठी बसवलेला. चामड्याचा वायसर त्यांना चालत नाही, म्हणून नायलॉनचा मुद्दाम कातून घेतलेला. दुकानदार पुतण्याची माया अशी वायसरात दिसते. पंपाच्या मागं भिंतीत एक कमानदार कोनाडा, आणि कोनाड्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच टायली उभ्या.

त्या बघून मी ओलबिल विसरले. तो शेकोटीचा सेट होता. पाच टायली एकावर एक लावल्या की एक उंच लिलीचं झाड होतं. तळाला कुंडी, वर दांडा, टोकाला फुलं. इंग्रजांच्या घरात विस्तवाच्या दोन्ही बाजूंना उभी राहणारी झाडं इथं पाण्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. डावीकडचं बरोबर लागलं होतं. उजवीकडं त्या काळच्या गवंड्यानं क्रम चुकवला होता. कुंडी मधोमध, फुलं तिच्याखाली. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुनंदावहिनींना वाटायचं तशीच डिझाइन आहे.

पण कोनाडा कोरडा होता. पंपाचा पाइप सरळ बाहेर जात होता, तोही कोरडा. मी दार सोडलं आणि पुन्हा जेवणघरात येऊन बसले.

आता माझं जुनं शस्त्र काढलं, बोटाचं पेर. टाइलवर पेरानं ठोकायचं. 'टण्' वाजली तर धरलेली आहे, 'बद्द' वाजली तर मागून सुटलेली. जी बद्द वाजेल तिच्यावर खडूनं फुली. अख्खी भिंत ठोकून काढली. आण्णांचा दुकानातला माणूस डबा न्यायला आला, तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "म्याडम भिंतीला तपासाय लागल्यात व्हय!"

ठोकून झाल्यावर मागं जाऊन बघितलं. आधी पाण्याची खोली, मग जेवणघर, मग विहीर, असा या भिंतीचा क्रम. खडूच्या फुल्या सुरू होत होत्या पाण्याच्या खोलीच्या बाजूला, कंबरेएवढ्या उंचीवर. तिथून त्या विहिरीच्या बाजूला तिरक्या खाली उतरत गेल्या होत्या. त्या रेषेच्या खाली सगळा ओलाच ओला, वर कोरडं.

मी खालीच बसले. पाणी खाली पडतं. जमिनीतून वर चढतंही. पण भिंतीत शिरलेलं पाणी अशी आखून दिलेली तिरकी रेघ धरत नाही. अशी तिरकी रेघ म्हणजे उतार. उतार कुणीतरी मुद्दाम दिलेला असतो, आणि तो पाइपाला देतात.

"आण्णा, भिंतीत पाइप आहे."

"न्हाई म्हणून सांगटलं न्हवं तुमास्नी?"

"तुम्ही घातलेला नाही. तुमच्या आधीचा."

सुनंदावहिनी भाजी निवडत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "एक मात्र गंमत आहे हां. भाद्रपदात आक्का दहा दिवस पर्युषण पर्वाला बाहुबलीला जातात. बाहेर धो धो पाऊस, आणि आमची भिंत नेमकी तेव्हा जरा सुकते. मुलं म्हणतात, आक्का गेल्या की भिंतीचं रडणं थांबतं."

मी ताडकन उठले. भर पावसात सुकणारी भिंत! मी सरळ पाण्याच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेले. आक्का आत बसल्या होत्या.

"आक्का, तुम्ही रोज सकाळी हितं काय करता? मला सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून."

त्यांनी मला निरखून बघितलं. बहुतेक आजवर कुणी हे विचारलंच नसावं. मग सांगायला लागल्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा एकदम कोवळा झाला.

त्या पहाटे उठून पंपानं पाणी काढायच्या. ते दुपदरी जाड फडक्यातून गाळायच्या. जैनांचा आचार असा की न गाळलेलं पाणी प्यायचं नाही, कारण पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. इथवर मलाही ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. गाळल्यावर ते जीव फडक्यात राहतात. फडकं झटकून टाकलं तर ते मरतील. म्हणून गाळलेल्याच पाण्यानं फडकं हळुवार खळबळायचं, आणि ते पाणी जिथून काढलं तिथंच परत सोडायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीतला जीव, त्या विहिरीत.

"वरनं वतायची न्हाई," आक्का म्हणाल्या. "आपटून मरत्यात बिचारी. म्हणून माझ्या बापानं हितनंच खापराची नळी घातलीया. भिंतीतनं तिरकी, मग विहिरीच्या कडंनं घसरत पार पाण्यापत्तोर. जीव आपसूक घरला जातो." त्यांनी कोनाड्याच्या तळाशी बोट दाखवलं. तिथं मधल्या टाइलला एक भोक होतं, भोकाला पितळी कडं. पंपाच्या आडोशामुळं मला दारातून दिसलं नव्हतं.

"रोज वतता?"

"रोज म्हंजे? नवरा गेल्यावर हितं आलेपास्नं. एक दिस चुकीवला न्हाई. पर्वाला जाते तवा तिथल्या विहिरीत सोडते."

आता मला फक्त खात्री करायची होती. आम्ही लोक अशा वेळी रंगीत पाणी सोडून बघतो, रंग कुठं निघतो ते. मी तसं म्हणताच आक्का गरजल्या, "रंग वतून जीव मारतीस व्हय?" मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाल्या, "थांब. पाणी उकळून गार करते. त्यात जीव नसतो. त्यात हळद घाल."

शनिवारी सकाळी आम्ही ते केलं. एका बद्द वाजणाऱ्या टाइलच्या कडेनं पातळ पातं घालून मी ती अलगद सोडवली. मागचा ओला चुना उघडा पडला. आक्का आत पाणी सोडायला, मी भिंतीपुढं बॅटरी धरून. आण्णा आणि वहिनी मागं उभे. जरा वेळ काहीच झालं नाही. आण्णा चुळबुळायला लागले. मग चुन्याच्या एका सांध्यातून पिवळा ठिपका आला. ठिपक्याची रेघ झाली आणि टायलींमागं उतरायला लागली.

"आली! आली!" मी लहान पोरीसारखी ओरडले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की आण्णांच्या पाठीत धपाटाच घालणार होते.

आतून आवाज आला. "कुठं आली?"

"भिंतीत, आक्का! हितं, जेवणघरात!"

"आणि विहिरीत?"

आक्का बाहेर आल्या. पिवळी रेघ बघितली. मग कुणाशी न बोलता अनवाणी परसात गेल्या आणि स्लॅबवरच्या लोखंडी झाकणाशी उभ्या राहिल्या. "उघड," त्या आण्णांना म्हणाल्या.

आण्णांनी झाकण काढलं, वायरला बांधलेला दिवा खाली सोडला. विहिरीचं गोल दगडी बांधकाम, तळाशी पाणी. पाण्यावर पिवळेपणा कुठंच नाही. जिथं नळी भिंतीतून बाहेर यायला हवी होती, तिथं सिमेंटचा थापा होता. नळी नव्हतीच.

आण्णांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं. "स्लॅबच्या टायमाला... गवंड्यानं दुकानात फोन केलता. म्हणला, एक जुनी खापरी नळी आडवी यायलीया. मी म्हणलो, काढून टाक, भोक बुजीव. मला वाटलं, फुटक्या नळीचं काय एवढं. पाइप तर मी इकतोय..."

तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. आता ती कॉलेजात होती. तेवढी वर्षं ते पाणी दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या भिंतीत जिरत होतं.

आक्का स्लॅबवरच बसल्या. मला वाटलं, आता टायलींचं बोलतील. त्यांनी एकदाच विचारलं, अगदी हळू.

"म्हंजे इतकी वरसं मी त्यास्नी भिंतीत गाडत हुते?"

माझा आनंद कुठल्या कुठं गेला. मघाशी ज्या रेघेपायी मी नाचत होते, ती बघायचीही लाज वाटली. आण्णा त्यांच्या पायाशी बसले. "आत्ती, माझं चुकलं. माझ्या हातनं झालं हे. तू काय केलं न्हाईस."

"भूपाल," आक्का म्हणाल्या, "विहीर उघड. तोवर मला पाणी नगं."

"आणि टायली? एकबी काढणार न्हाई, शप्पत."

"टायली मातीच्या हायत. काढायच्या असल्या तर काढ, न्हाईतर ऱ्हाऊ दे. आधी विहीर उघड."

दिवस मावळायच्या आधी सगळ्यांची जेवणं झाली. आक्का पाटावर आल्याच नाहीत. सोमवारी येणारा गवंडी आण्णांनी रविवारीच घरातून उचलून आणला. टायली खरवडायला आणलेल्या घणानं त्यानं स्लॅबची कड फोडली. आण्णा स्वतः घाव घालत होते. पन्नाशीचा माणूस, हाताला फोड आले तरी थांबेना. मी नळीचा नवा मार्ग आखून दिला. भिंतीतली जुनी नळी ठिसूळ झाली होती, म्हणून तिच्या पोटातून नवी बारीक नळी ओवली, बाहेर काढली आणि विहिरीच्या कडेनं घसरत पाण्यापर्यंत नेली. आण्णांनी दुकानातली सगळ्यांत चांगली नळी आणली होती. आक्का माझ्या शेजारी उभ्या राहून एकच विचारत होत्या, "आपटणार न्हाईत न्हवं?"

"न्हाई आक्का. पाण्याच्या आत तोंड बुडवलंय नळीचं."

काम झालं तशा त्या पाण्याच्या खोलीच्या दारात गेल्या आणि मागं वळल्या. "ये आत."

"मी?"

"मग कोण? हात घालून बघ जा, सांधा ओला हाय का. परत भिंतीत गेलं तर तुला सोडणार न्हाई."

मी उंबरा ओलांडला. सुनंदावहिनी दारातच उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून. मी कड्याभोवती बोट फिरवलं. कोरडं होतं. आक्कांनी पहिली जिवाणी सोडली, कान देऊन ऐकलं आणि मग पेलाभर गाळलेलं पाणी प्यायल्या.

त्यानंतर भिंतीचा बाहेरचा ऑइलपेंट आणि सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला. आतल्या ओल्या टायली काढून नंबर घालून ठेवल्या, महिनाभर भिंत उघडी वाळत ठेवली आणि मग चुन्यातच परत लावल्या. फुटलेल्यांच्या जागी जेवणघरातल्याच कपाटामागच्या, न दिसणाऱ्या घेतल्या. दोन्ही जपानी आण्णांनी मुद्दाम खालच्या कोपऱ्यात लावायला सांगितल्या. लिलीच्या झाडाचा क्रम नीट करू का, असं मी विचारलं, तर आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बापानं तसंच बघितलंय ते." क्रीम कलरच्या नव्या टायली दुकानाच्या संडासाला लागल्या. तिथं त्या शोभतात.

दिवाळीच्या आधी मी शेवटची तपासणी करायला गेले. सगळ्या टायली पेरानं ठोकल्या. टण्, टण्, टण्. एकही बद्द नाही. पाठीवर थाप मिळावी म्हणून आक्कांना हाक मारली.

"आक्का, काम फत्ते. भिंत पार कोरडी. थेंब ऱ्हायला न्हाई आत."

"पार?"

"पार खडखडीत."

आक्का भिंतीजवळ आल्या. मला वाटलं, टायलीवरनं हात फिरवतील. त्यांनी हात जोडले. "क्षमा करा, बाबांनो," त्या भिंतीला म्हणाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी खडू खिशात घातला आणि खाली बघत राहिले. मला जे कोरडं झालेलं हवं होतं, त्याचा त्यांच्या लेखी अर्थ काय होता, ते मला तेव्हा कळलं.

बिल झालं, कामाचं नाव झालं, त्या वर्षी जुन्या घरांची कामं भरपूर आली. तेव्हापासून कुठल्याही ओलीच्या घरी गेले की पाइपांचा नकाशा मी नंतर मागते. आधी विचारते, "ह्या घरात सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं, आणि ते पाणी कुठं ओततं?" लोकांना वाटतं, म्याडमचं डोकं फिरलंय. पण बहुतेक वेळा ओल तिथंच सापडते. आणि सापडली की आता मी ओरडत नाही. आधी मागं कोण उभं आहे ते बघते.